एक दगड कमी

डोंगराला वाट फुटली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. आंबेदऱ्यात सात वाड्या होत्या. त्यांचा एक नेम होता: वाटणी भैरोबासमोर करायची आणि ती समान करायची. बाकी उरली, तर ती सगळी वस्तूच देवाची. तिला कोणी हात लावायचा नाही.

या गावात येसाई नावाची पाथरवटीण होती. तिच्या सासऱ्याने ओढ्यावर पाच हजार चाळीस दगडांचा बांध घातला होता. दोन वाटे करा, सात करा, दहा करा, बाकी उरत नसे. संख्या शुभ म्हणून गाव फुशारले. पुढे पाण्यावरून भांडण पेटले, तेव्हा वाड्यांनी त्याच संख्येच्या बळावर बांध वाटून घेतला. प्रत्येकीला सातशे वीस दगड आले. पाणी कोणालाच आले नाही. त्या उन्हाळ्यात येसाईची लेक दूरच्या दरीत पाण्याला गेली आणि कड्यावरून कोसळली.

येसाईने शोक गिळला आणि दारोदार जाऊन दगड परत मागितले.

सुभानजी पाटील हसला. "द्यायचे, आणि पुन्हा वाटून घ्यायचे?"

"या खेपेला वाटता येणार नाहीत, पाटील."

तहानेने गाव नमले होते. दगड मिळाले.

येसाईने देवळाच्या फरशीवर तितकेच चिंचोके ठेवले आणि एक बाजूला काढला. उरलेल्यांच्या दोन-दोनच्या ओळी लावल्या, एक उरला. तीन-तीनच्या लावल्या, दोन उरले. सत्तरपर्यंत ती गेली. एकदाही मांडणी पुरी बसली नाही. पुढे मांडायचे कारण नव्हते. त्याहून लांब ओळी बसल्या असत्या, तर ओळींची संख्या सत्तरच्या आत आली असती, आणि तेवढ्यांची मांडणी तर तिने पडताळली होती. तोवर भैरोबाचा दिवा तेलावाचून जळत राहिला, असे म्हणतात.

मग तिने एक दगड डोहात टाकला आणि उरलेल्यांचा बांध घातला. तिच्या हातात दगड फुलासारखा उचलला जाई, असे म्हणतात.

काही वर्षांनी पुन्हा भांडण झाले. वाड्या मोजायला बसल्या. सात वाटे केले, सहा दगड उरले. आठ केले, सात उरले. दहा केले, नऊ उरले.

"एकच कमी पडतो," पाटील म्हणाला. "घालून टाकू."

"घाला," येसाई म्हणाली. "कोण देतो?"

"वरच्या वाडीने द्यावा. त्यांच्या अंगणात ढीग आहे."

"आमच्या अंगणावर बरी नजर तुमची. तुमच्या चुलीखालचा काढा की."

दिवेलागण झाली, तरी दगड आला नाही. मोडायला सगळे पुढे होतात, त्यासाठी पदरचे घालायला कोणी नसतो. बांध राहिला. त्या पावसाळ्यात पाणी काठाला लागले, ते आजवर तळाला गेले नाही, असे म्हणतात.

अजूनही अक्षय्य तृतीयेला तिथे झिजलेला दगड बदलतात. आधी नवा आणून शेजारी ठेवतात, मग सात वाड्यांचे हात लावून जुना काढतात. येसाईचे नाव घेऊन सगळा बांध मोजतात. मोजणी एकाने कमी भरली, की मगच ओंजळीने पाणी पितात.