डोहातून आलेली ओ

एकदा काय झालं, नदीकाठी धाकू भोई राहायचा. घरात तो आणि त्याची सात वर्षांची लेक येसू, तिसरं कुणी नाही. मासा गळाला लागला की धाकू नदीवरूनच हाक मारायचा, "येसू, चूल पेटव गं." मग वर खोपटातून ओ यायची, "ओ, पेटवते बा."

आता त्या नदीत होता एक डोह. डोहात माणसाएवढी खडशी मासळी. तळहाताएवढं एकेक खवलं, बरं का. लोक तिला देवाची मानून मुरमुरे घालायचे, गळ कुणी टाकायचं नाही. पण धाकूला भारी खुमखुमी. एका भर दुपारी त्यानं गळ टाकला. खडशी लागली. मग त्यानं हाक मारली, "येसू, चूल पेटव गं."

ओ आली ती पाण्यातून. आणि दोर तुटला.

धाकू धावत घरी आला. येसू चुलीपाशी बसलेली. तोंडाचा गोल चंबू करत होती, पण आवाज नाही.

"रडू नको," धाकू म्हणाला. "तिचं पोट फाडून तुझा आवाज काढून आणतो." हट्टालाच पेटला मेला. दुसऱ्या दिवशी जाड दोर घेऊन गेला. खडशी लागली, वर आली, पुन्हा निसटली. घरी येऊन बघतो तर काय, येसूच्या पापण्या मिटेनात. टक्क डोळ्यांनी बसून राहिली पोर. माशाला पापण्या नसतात, ठाऊक आहे ना?

मग तिसऱ्या दिवशी त्यानं खडशीला खडकावर ओढलंच. कोयता उगारला. तर खडशीनं डोळे मिटून घेतले. पापण्या होत्या तिला. आणि येसूच्या आवाजात म्हणाली, "बा, गळ लई रुततोय रं."

धाकूची पाचावर धारण बसली. कोयता टाकून त्यानं गळ सोडवला. खडशीला छातीशी धरून कमरेएवढ्या पाण्यात नेलं आणि सोडलं. मागोमाग गळही फेकला. फार रडला तो.

मग त्यानं हाक मारली, "येसू." ओ नाही. पुन्हा मारली. नाहीच. तिसऱ्या हाकेला त्याचा घसाच बसला. तेवढ्यात वरून, खोपटातून आवाज आला, "ओ, पेटवते बा." आणि धूर दिसला.

दोघं भाकरी खाऊन सुखानं राहिली. पण तेव्हापासून त्या गावात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही.

आता डोळे मिटा बघू, पोरांनो. मिटतायत ना? मग बरं आहे. मी एकेकाला हाक मारणार, ओ कुणी द्यायची नाही. तुमच्याऐवजी दुसरीच कुणी ओ द्यायला लागली, तर तिच्याकडे मी बघते. निजा.