नाद विरेपर्यंत

पूर्वी गोवर्धन नगरात पुष्यसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. वयाने पिकलेला, पण चित्ताने शांत.

नगराच्या वेशीजवळ घटिकागृह होते. तळाला बारीक भोक असलेले तांब्याचे पात्र तिथे पाण्यावर तरंगत असे. ते भरून बुडाले की एक घटिका झाली. मग काशाच्या थाळीवर टोला द्यायचा आणि पात्र रिकामे करून पुन्हा पाण्यावर सोडायचे. दिवसाचा शेवटचा टोला पडला की वेस बंद होई. हे काम म्हातारा सोमिल तरुणपणापासून करीत आला होता. त्याला ना बायको ना मूल; ते पात्र हाच त्याचा संसार.

एकदा टोला दिला की नाही, असा भ्रम पडून त्याने तोच टोला पुन्हा दिला. मोजणी एका टोल्याने पुढे गेली, वेस घटिकाभर आधी बंद झाली, गुराखी बाहेर अडकले आणि वाघाने एक गाय नेली. साठी बुद्धी नाठी, असे म्हणत लोक राजाकडे गेले. राजाने सोमिलला काढून ते काम अमात्याच्या पुतण्याला, नंदकाला देऊ केले. कामाबरोबर नदीकाठची भातशेतीही होती. घरात सगळे खूश झाले. बोधिसत्त्वाने मात्र सोमिलसाठी पावसाळ्यापुरती मुदत मागून घेतली. काकांना घरच्यापेक्षा परकाच जवळचा, असे म्हणून नंदक रुसला.

बोधिसत्त्व रोज घटिकागृहात जाऊन बसू लागला. त्याला दिसले, की टोला देताच, नाद घुमत असतानाच, सोमिल पात्राकडे धाव घेतो. हात थाळीवर असे, मन मात्र भीतीत. आज चुकलो तर जाऊ कुठे?

"स्वामी, माझं डोकं गेलं," सोमिल म्हणाला. "मला सोडा."

"नावं मीही विसरतो. म्हातारपण थांबवायची विद्या माझ्याजवळ नाही. पाणी चढताना नुसतं पाणी बघ आणि आपला श्वास बघ. मन पळालं तर वासरासारखं परत आण, मारू नकोस. आणि टोला दिलास की नाद विरेपर्यंत तिथून हलू नकोस."

पात्र सोडायला उशीर होईल, अशी सोमिलची तक्रार. तेवढा उशीर नगराला सोसेल, असे बोधिसत्त्व म्हणाला.

सोमिलला हे पोरखेळासारखे वाटले, तरी त्याने केले. मन पळे, तो आणी, पुन्हा पळे. हळूहळू भीती निवळली. विसरणे काही अगदी गेले नाही. स्वतःच ठेवलेली काठी तो अजूनही शोधत फिरे, पण आता त्यावर हसे.

पावसाळा सरत आला असताना एका दुपारी आभाळ असे दाटले, की घरोघर दिवे लागले. वेशीचे रक्षक आणि नंदक घटिकागृहात आले. म्हातारा टोले विसरला, रात्र झाली, शेवटचा टोला दे, असा गलका झाला. राजाही आला. डोंगरावर गेलेल्या गुराख्यांचा अजून पत्ता नव्हता. सोमिलने बोधिसत्त्वाकडे पाहिले, पण वेळ बोधिसत्त्वालाही ठाऊक नव्हती.

सोमिलने पात्रावर नजर ठेवली. श्वास घेतला, सोडला.

"प्रत्येक टोल्याचा नाद विरताना मी इथंच होतो," तो म्हणाला. "एकही राहिलेला नाही. वेस उघडी राहू द्या."

राजाने रक्षकांना थांबवले. पात्र भरत राहिले. काही वेळाने ढग फाटले आणि डोंगरावर कासराभर सूर्य दिसला. त्या उजेडात गुरे घरी आली. सूर्य टेकला, पात्र बुडाले, सोमिलने शेवटचा टोला दिला, आणि नाद विरेपर्यंत कोणीही हलले नाही.

राजाने काम आणि शेत सोमिलकडेच ठेवले. बोधिसत्त्वाने फक्त घटिकागृहाला एक ओसरी मागून घेतली. नगरातले म्हातारे-म्हाताऱ्या तिथे पाण्याकडे बघत शांत बसू लागले. नंदकही पुढे सोमिलच्या हाताखालीच काम शिकला.

भिक्षूंना एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. पाठ आठवत नाही म्हणून चीवर उतरवून संघ सोडायला निघालेला एक वृद्ध भिक्षू समोर बसला होता. "तेव्हाचा सोमिल तूच," ते त्याला म्हणाले. "राजा म्हणजे माझा शिष्य आनंद, तुला हसणारा हा तरुण भिक्षू म्हणजे नंदक, आणि अमात्य मी होतो. तुला एकदा जमलं आहे." हसणारा भिक्षू उठून त्या वृद्धाशेजारी जाऊन बसला.

आहोत तिथे जागे असणे, या गुणाला स्मृती म्हणतात. ती शिकायला उशीर झाला, असे कधीच होत नाही.