शुक्रवारचं कलिंगड

एकदा एका नदीकाठच्या तालुक्यात विद्याधर नावाचा एक तरुण अधिकारी नेमून आला. मुलगा हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्यालाही पुरतं ठाऊक होतं. तालुक्याच्या गावातच एक निवृत्त मामलेदार राहत. सारा तालुका त्यांना अण्णा म्हणे. कारभार कसा करावा हे शिकण्यासाठी विद्याधर रोज कचेरी सुटली की त्यांच्या ओसरीवर जाऊन बसे. अण्णा सुपारी कातरत ऐकून घेत. शिकवणं असं ते फारसं करत नसत, आणि विद्याधरला याचा मनातून थोडा रागच येई.

ते दिवस वैशाखाचे होते. नदी आटून काठाशी एक बारीक धार तेवढी उरली होती. खालच्या गावांना प्यायला पाणी नव्हतं, म्हणून वरच्या अंगाच्या धरणाचं पाणी येत्या गुरुवारी सकाळी नदीत सोडायचं असा हुकूम आला. पात्रात कोणी राहू नये, गुरंढोरं नेऊ नयेत, सामान ठेवू नये, अशी नोटीस गावाला द्यायची होती.

विद्याधरने ती नोटीस जातीने लिहिली. शब्द न् शब्द पारखून घेतला. शनिवारीच चावडीच्या फळ्यावर एक प्रत लावली, देवळाच्या खांबाला एक. भोईआळीतली माणसं उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं पिकवतात हे त्याच्या कानावर होतं, म्हणून त्या आळीतल्या दारादारावर त्याने शिपायाकडून खळ लावून प्रती डकवून घेतल्या. पंचांच्या सह्या घेतल्या. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

मंगळवारी सकाळी शेवटची सही हाती आल्यावर हे सगळं त्याने अण्णांना रंगवून सांगितलं. शाबासकीची वाट पाहत तो थांबला.

अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. "चल, जरा नदीवर जाऊन येऊ," ते म्हणाले. "कलिंगड घ्यावंसं वाटतंय."

विद्याधर चमकला. अण्णांना कलिंगडाची एक फोड खाल्ली तरी खोकला धरतो, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण मोठ्या माणसापुढे काय बोलणार? तो छत्री घेऊन मागे निघाला.

नदीचं पात्र म्हणजे त्या दिवसांत एक गावच झालेलं असे. वाळूत चर काढून, त्यात शेणखत भरून लावलेले हिरवेगार वेल लांबवर पसरले होते. मधूनमधून पाल्याच्या खोपी. खोपींच्या सावलीत चुली, मडकी, फडक्याच्या झोळीत निजलेली पोरं. पहिल्याच वाडीवर ठकूबाई भोईण वेलांना ओंजळीने खत घालत होती. केस पांढरे झालेले, पण हात भराभर चालत होते.

"अगं बाई, अण्णा! आज वाट चुकलात की काय?" ती हसत म्हणाली.

"कलिंगड पाहिजे, ठकूबाई. पण आज नको. शुक्रवारी सकाळी घरी पाव्हणे यायचेत. ऐन वेलावरून तोडलेलं हवं."

"शुक्रवारी ना? मग ह्ये घ्या." तिने पानांखालचं एक थोराड फळ दाखवलं, वर बोटाने टिचकी मारली आणि कान दिला. "अजून कच्चं बोलतंय. पण ताजं खत पडलंय, शुक्रवारपोत्तर येईल रंगाला. तुमच्यासाठी राखून ठेवते. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही, बघा!" तिने लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून फळाच्या देठाला बांधली.

अण्णा पुढच्या वाडीवर गेले. तिथेही शुक्रवारचं कलिंगड मागितलं. मग त्याच्या पुढच्या वाडीवर. कोणी म्हणालं, "स्वतः आणून देतो, तुम्ही कशाला उन्हात येता?" एका तरण्या भोयाने तर शुक्रवारी पोराचं बारसं आहे, इथेच वाळूत मांडव घालणार आहे, जेवायलाच या, असं आग्रहाने सांगितलं. अण्णा प्रत्येकाला बरं म्हणत होते.

विद्याधर आधी कंटाळला. मग मनात हसला. म्हातारपणी माणसाला असले छंद लागतात, असं त्याला वाटलं. एवढी कलिंगडं घेऊन हे करणार तरी काय? पण बारशाचं आमंत्रण ऐकलं, आणि त्याचं पाऊल वाळूतच थबकलं. शुक्रवारी? इथे? त्याने मागे वळून पाहिलं. ठकूबाई अजून खत घालत होती.

काठावरच्या करंजाखाली अण्णा टेकले. विद्याधर उभाच राहिला.

"अण्णा, यांना कोणालाच काही ठाऊक नाही."

"नाही."

"पण मी दारादारावर नोटीस लावली होती! अगदी यांच्याच दारांवर!"

"दारं कशी होती?"

विद्याधरचा चेहरा उतरला. "कुलपं होती," तो हळूच म्हणाला. शिपायाने कुलपाच्या वरच्या अंगाला कागद नीट बसावा म्हणून किती काळजी घेतली होती, तेही त्याला आता आठवलं.

अण्णा म्हणाले, "कलिंगडाचा हंगाम सुरू झाला की भोईआळी वाळूत उतरते ती पावसाच्या तोंडावर परत येते. दिवसा कावळे, रात्री कोल्हे. वाडी सोडून कोण जाईल? बाजाराला जातात तेही पलीकडच्या काठाला. तुझी चावडी इकडे. बाळा, तू लिहिलेलं बिनचूक होतं. तुझ्यावर कोणी ठपका ठेवला नसता. पण ही नोटीस तू स्वतःला वाचवायला लावलीस; यांना वाचवायची तुला आठवण झाली नाही. कळवलं असं केव्हा म्हणावं? ऐकणाऱ्याचा उद्याचा बेत बदलतो तेव्हा. यांचा शुक्रवार अजून जिथल्या तिथे आहे."

"मग आपणच का नाही सांगितलंत? एवढे फिरलात!"

"नोटिशीखाली सही कोणाची आहे?"

विद्याधरने छत्री अण्णांच्या हातात दिली आणि तो तापल्या वाळूत परत उतरला.

ठकूबाईने सगळं ऐकून घेतलं. हातातलं खत तसंच खाली गळून पडलं. "परवा?" ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला. "परवा पाणी येणार आणि मेल्या, तू आज सांगतोस? आन् तो म्हातारा शुक्रवारचं फळ मागून गेला! थट्टा मांडलीय का गरिबांची?"

"अण्णांची चूक नाही, बाई. माझी आहे. कागद तुमच्या कुलपावर लावून मी घरी जाऊन झोपलो."

ठकूबाई पदर खोचून सुनेला हाका मारू लागली.

विद्याधर खोपीखोपीत गेला. नुसतं सांगून पुढे सरकला नाही. कुठे जाणार, सामान कशात नेणार, हे प्रत्येकाच्या तोंडून ऐकल्यावरच पुढची वाडी धरली. गावातून बैलगाड्या मागवल्या. बुधवारभर वाळूत तोडणी चालू होती. पिकलेली फळं गाड्यांत गेली. कच्च्यांपैकी थोडी उचलली, बाकीची तशीच सोडावी लागली. बारसं भोईआळीत करायचं ठरलं.

गुरुवारी पाणी आलं. आधी वाळू नुसती ओली झाली, मग वेल हलले, आणि बघता बघता खोपींचे वासे वाहू लागले. काठावर सगळी उभी होती. माणसं, गुरं, झोळीतली पोरं, सगळी. कोणी विद्याधरला दुवा दिला नाही आणि कोणी शिव्याही दिल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी ठकूबाई अण्णांच्या ओसरीवर आली. पदराखाली तेच फळ होतं. देठाला चिंधी तशीच. "शब्द दिला होता," एवढंच म्हणाली. अण्णांनी ते कापलं. आत फिकट गुलाबी, मधे पांढरं. एक फोड त्यांनी स्वतः घेतली आणि एक विद्याधरच्या हातात दिली.

"गोड न्हाई ना, सायेब?" ठकूबाई म्हणाली. "कागद लावला त्याच दिशी कुणी सांगतं, तर येपाऱ्याला बोलावलं असतं. निम्मा माल तरी सुटला असता. नवं खत तरी घातलं नसतं."

अण्णा खोकत होते, तरी खात होते. विद्याधरनेही ती पाणचट फोड सालापर्यंत खाल्ली.

पुढे तो मोठ्या हुद्द्यावर गेला. नोटिसा लावणं काही सुटलं नाही, कायदाच तो. पण कागद लागला की तो ज्यांच्यासाठी लावला त्यांच्यापैकी एकाला तरी गाठून पुढचा बेत विचारायचा. नोटीस गुरुवारची असली, तर "शुक्रवारी काय करायचं ठरवलंय?" उत्तर ऐकूनच त्याला समजे, नोटीस पोहोचली की नाही.

आपणही घरात, दारात "मी सांगितलं होतं" असं म्हणण्याआधी एकदा एवढं विचारून पाहावं.