यमनातलं टिंग

मोबाईलला नुकताच कंठ फुटला होता, त्या काळातली गोष्ट. गाणं शिकवणाऱ्या यमुताईंच्या फडताळात तो जुन्या म्युझिक प्लेअरशेजारी राहायचा.

"मी फोन लावतो, फोटो काढतो, शिवाय गातो. तुला काय येतं?"

"नुसतं गाणं," प्लेअर म्हणाला. "पण माझ्यात गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो."

"श्वास कोण ऐकतंय?"

ताईंची शिष्या शाल्मली महिनाभर याच मोबाईलवर ताईंचा यमन ऐकून जसाच्या तसा घोटत होती. मध्येमध्ये मेसेज येत राहायचे. मग एके दिवशी ती ताईंसमोर बसली, सुरेख आलाप घेतला आणि मध्येच गोड आवाजात 'टिंग' म्हणाली.

ताईंनी तानपुरा थांबवला. "हे कुठल्या घराण्याचं गं?"



"काही म्हण," फडताळातला प्लेअर मोबाईलला हळूच म्हणाला, "ही जागा मला जमली नसती."