बैठकीवरची निळी मैना

एका राज्यात, कुठल्या ते विचारू नका, तिथल्या लोकांना अजून लाज वाटते, हेमांगद नावाचा राजा होता. राजा शूर होता, मनाने मोठा होता. फक्त त्याचं काम कधी उरकत नसे.

कारण होतं घराण्याची रीत. राजाच्या बैठकीवर आलेला नजराणा तिथून हलवायचा नाही; हलवला तर देणाऱ्याचा अपमान. मग काय विचारता! चांदीचे मोर, हस्तिदंती हत्ती, अत्तरदाण्या, सोंगट्यांचे पट, सगळं बैठकीवर, आणि मधोमध अंग चोरून बसलेला राजा. मुद्रा सापडली तर शाई नाही, शाई सापडली तर बोरू नाही. बोरू शोधताना हाताला सोंगट्या लागल्या, की एक डाव मांडल्याशिवाय राजाला राहवत नसे. दरबारी याला राज्यकारभार म्हणत.

एकदा कपिलाक्ष नावाचा मांत्रिक न्याय मागायला आला. शेजाऱ्याने त्याची विहीर बळकावली होती. "बसा, पाहतोच," राजा म्हणाला. मांत्रिक बसला. त्याची काळीभोर दाढी बसल्या जागी पांढरी झाली, तरी राजाला मुद्रा सापडेना. शेवटी मांत्रिकाने एक निळी मैना बैठकीवर ठेवली, तिच्या कानात काही पुटपुटला आणि मुकाट्याने निघून गेला. किती समजूतदार माणूस, असं राजाला वाटलं. धन्य तो राजा!

मैना बोलकी होती. गोष्टी अशा सांगे, की ऐकणारा तहानभूक विसरे.

एका सकाळी राजकन्या मृगांका दाराशी आली. आईवेगळी, कोवळी पोर.

"आबासाहेब, माझ्याशी खेळायला येता ना?"

"एवढी मुद्रा उमटवतो. आलोच, बाळ."

राजाने मुद्रा शोधायला हात घातला. मैनेने गोष्ट सुरू केली. गोष्ट संपली, राजाने वर पाहिलं. दारात पांढऱ्या केसांची, कमरेत वाकलेली म्हातारी उभी होती. अंगावर सकाळचाच हिरवा परकर, पण गुडघ्यापर्यंत आखूड झालेला.

"कोण आपण?"

"आबासाहेब, मी मृगांका."

राजाने खिडकीकडे पाहिलं. बाहेर अजून ऊनही डोक्यावर आलं नव्हतं. त्याने तिचे हात हातात घेतले. हात सुरकुतलेले, पण त्यातल्या बांगड्या लहान मुलीच्या. राजा किंचाळला.

"हे काय झालं? कोणी सांगेल का?"

"मी सांगते," मैना म्हणाली. "शाप आहे, महाराज. राजकन्येला 'आलोच' म्हणून या बैठकीवर आपला जो वेळ फुकट जातो, तो क्षणांची वर्षं होऊन तिच्या वयात मिळवला जातो."

"आणि तू आजवर गप्प?"

"आपण विचारलं नाहीत. विचारलं तर खरं सांगते, एरवी गोष्टी सांगते."

"उपाय?"

"तीन कामं. सूर्य मावळायच्या आत. नाहीतर राजकन्या उद्याची सकाळ पाहणार नाही."

"पहिलं?"

"कामाचं नाही ते खाली उतरवा."

प्रधान आडवा आला. "महाराज, रीत मोडते! देणारे काय म्हणतील?" राजा घुटमळला. तेवढ्यात मृगांकेचा एक दात निखळून जमिनीवर पडला. राजा मुळापासून हादरला. त्याने दोन्ही हातांनी बैठक मोकळी करायला घेतली. चांदीचे मोर खिडकीतून उडाले. हस्तिदंती हत्ती रांगेने आपणच उतरून गेले. त्यांनाही तिथे कंटाळा आला होता. मृगांकेचं वय वाढायचं थांबलं.

"दुसरं?"

"लागतं ते हात पोचेल तिथे ठेवा."

राजाने मुद्रा उजवीकडे ठेवली, शाई आणि बोरू तिच्या शेजारी. आजचं काम समोर घेतलं, उद्याचं फडताळात टाकलं. मग कपिलाक्षाच्या विहिरीच्या निवाड्यावर मुद्रा उमटवली. वर्षानुवर्षं अडलेलं काम, पापणी लवायच्या आत झालं! मृगांकेची पाठ ताठ झाली. केस मात्र पांढरेच राहिले.

"तिसरं?"

मैना पहिल्यांदाच गप्प बसली. ऊन कलू लागलं.

"बोल, मैने!"

"कामाचं नाही, पण आपल्याला सोडवत नाही, ते सोडा."

राजाने रिकाम्या बैठकीवर नजर फिरवली. "तू?"

"मी, महाराज."

राजाच्या डोळ्यांना धार लागली. "तुझ्यावाचून मला कोण आहे?"

हे शब्द त्याच्या तोंडून गेले आणि त्याचे त्यालाच ऐकू आले. दारात लेक उभी होती. राजा शरमेने काळाठिक्कर पडला. त्याने पिंजरा नसलेल्या त्या पाखराला ओंजळीत घेतलं, खिडकीशी नेलं आणि हात उघडले. मैना उडाली. ती दिसेनाशी झाली तसे मृगांकेचे केस काळे झाले, परकर पुन्हा पायघोळ झाला.

शाप सुटला. त्या दिवसापासून ती रीत बंद झाली, विहीर कपिलाक्षाला मिळाली, राज्याची घडी नीट बसली. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी राजाने लेकीला उराशी धरलं.

"बाळ, एकदा माझी नजर हटली, तेवढ्यात केवढा अनर्थ झाला!"

"एकदा नाही, आबासाहेब," मृगांका म्हणाली. "मी मोठी झाले तेव्हा दाराशी आले होते. केस पिकू लागले तेव्हाही आले होते. आपण गोष्ट ऐकून हसत होतात, म्हणून मी हाक मारली नाही."