दौलतनं धरलेला घोटा

ऊसपट्ट्यातल्या एका गावात दौलत ढोणे नावाचा कबड्डीपटू होता. पकड करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. गावच्या संघातून साखर कारखान्याच्या संघानं त्याला उचललं. तिथं त्याला हिंदूराव भेटला. तो संघाचा कप्तान, चढाईत वाघ. दोघांचं सख्ख्या भावांसारखं जमलं.

एका सामन्यात हिंदूरावाचा उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही. हिंदूरावानं ते सगळ्यांपासून लपवलं. सामना संपला की दौलत गुपचूप त्याच्या खांद्याला तेल लावी, शेक देई.

"दौलत, हे कुणाला कळलं तर मला घरी बसवतील. पोरं अजून लहान आहेत माझी," हिंदूराव म्हणे.

"माझ्याकडून नाही कळायचं, हिंदूभाऊ," दौलत म्हणे.

पुढं शहरातल्या एका मोठ्या कंपनीनं दौलतला आपल्या संघात घेतलं. राहायला खोली दिली, तात्पुरती का होईना, नोकरी दिली. दौलतच्या बायकोनं हौसेनं नवा संसार मांडला. आणि त्याच वर्षी अंतिम सामना पडला तो नेमका कारखान्याच्या संघाशी.

सामन्याआधी प्रशिक्षक नलावडे सरांनी सगळ्या खेळाडूंना जवळ बसवलं. ते दौलतला म्हणाले, "हिंदूरावाबरोबर तू इतकी वर्षं खेळलास. तो कुठं कच्चा आहे, सांग. आज जिंकलो तर तुझी नोकरी कायम झालीच म्हणून समज."

"तो डावीकडून घुसतो. परतताना मुद्दाम थांबतो, समोरचा अंगावर आला की वाकून निसटतो. मैदानात दिसतं ते सगळं सांगतो, सर."

"आणि दिसत नाही ते?"

"ते त्यानं भाऊ म्हणून सांगितलंय. ते नका विचारू."

सर चिडले. "पगार आमचा खातोस ना?"

"पगार खेळण्याचा घेतो, सर. खेळण्यात कसूर करणार नाही."

सामना चुरशीचा झाला. शेवटच्या चढाईपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत होते. हिंदूराव आत आला, एका गड्याला शिवला आणि वळला. दौलतनं झेप घेतली. तो उजवा खांदा अगदी हाताच्या टप्प्यात होता. नुसता झटका दिला असता तरी हिंदूराव जागच्या जागी बसला असता. दौलतनं हात खाली नेला आणि घोटा धरला. जीव तोडून धरला. हिंदूराव पडला, फरफटत पुढं सरकला आणि त्याची बोटं मध्यरेषेला टेकली.

कंपनीचा संघ हरला.

गर्दी पांगल्यावर हिंदूराव दौलतजवळ आला. त्याचे डोळे भरले होते. "घोटा का धरलास रे?"

"हाताला घोटा आला," दौलत म्हणाला. "भाऊ, आता तो खांदा डॉक्टरला दाखवा. मीच तुमच्यासमोर असेन असं नाही दर वेळी."

दौलतची नोकरी काही कायम झाली नाही. पुढच्या हंगामात सरांनी त्याला राखीव खेळाडूंत बसवलं. घरी बायकोचा उतरलेला चेहरा पाहून दौलतला जेवण जाईना. आपण चुकलो का, असं त्याच्या मनात येऊन जाई.

एक दिवस संघातला चढाईपटू केरबा त्याच्या शेजारी येऊन बसला. "दौलत, माझा गुडघा गेलाय. अजून कुणाला बोललो नाही. तुला सांगितलं तर तुझ्यापाशीच राहील, म्हणून आलो."

दौलतनं गुडघा चाचपून पाहिला. मग तो म्हणाला, "मी सांगणार नाही. पण तू स्वतः सरांना सांग. मी बरोबर येतो."

सरांनी केरबाला तपासायला पाठवलं. आणखी एक सामना खेळला असता तर पाय कायमचा जायचा, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर एकेक खेळाडू दौलतकडे येऊ लागला. कुणाची पाठ धरलेली, कुणाचं मनगट सुजलेलं. दौलत प्रत्येकाला समजावून सरांकडे घेऊन जाई.

सर एकदा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "इतकी वर्षं संघ चालवतोय, पण माझ्या पोरांचं काय दुखतंय हे मला कधी कळलंच नाही. त्या दिवशी तू मला हिंदूरावाचं सांगितलं असतंस, तर आज यातलं कुणीही तुझ्याकडे आलं नसतं."

त्याच संध्याकाळी सरांनी दौलतचं नाव कप्तान म्हणून जाहीर केलं.

तात्पर्य: विश्वासानं सांगितलेलं दुसऱ्याचं दुखणं आपल्या फायद्यासाठी वापरू नये. ते जपताना नुकसान सोसावं लागलं, तरी अशाच माणसापाशी लोक आपलं मन मोकळं करतात.