कण्हेरनगरची शेळी

एका डोंगराच्या पायथ्याशी पाच राज्यं होती. पाचही ठिकाणी औषधाची पारख वेगळी. एका राज्यात मान्य झालेलं औषध दुसऱ्यात पुन्हा पहिल्यापासून तपासलं जाई, आणि तोवर रोगी वर जाई. शेवटी पाचही राजे एकत्र बसले. पाच राज्यांच्या वैद्यांनी एकदा मिळून तपासलेलं औषध सगळीकडे चालेल, असं ठरलं. कण्हेरनगरच्या राजाने करारावर मोहर उठवली आणि नगरभर पेढे वाटले.

घरचा कायदा मात्र कोणी बदलला नाही. परमुलखातलं औषध तीन महिने सरकारी कोठीत ठेवावं, दर अमावास्येला त्याचा एक थेंब कोठीतल्या शेळीला पाजावा आणि शेळी ठणठणीत राहिली तरच ते बाहेर काढावं, असा तो कायदा. मंत्री त्र्यंबकपंत म्हणत, करार आपल्या जागी, शेळी आपल्या जागी. अशा शहाण्यांपुढे कपाळावर हात मारून घ्यावा, दुसरं काय!

त्या वर्षी सीमेवरच्या आंबेवाडीत अकरा मुलांना घटसर्प झाला. त्यावरचं औषध पाच वैद्यांच्या मोहरेसह केव्हाच कोठीत येऊन पडलं होतं. ते न्यायला वाडीतली साळू वैदीण धावत आली. पंतांनी तिला समजावलं, की दोन अमावास्या झाल्या, तिसरी परवाच आहे. साळूबाई कोठीच्या पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी शेळी म्हातारपणाने मेली. पंतांनी नवी शेळी आणवली आणि मोजणी पुन्हा पहिल्या अमावास्येपासून धरली.

साळूबाई तडक दरबारात गेली.

“महाराज, करारावर मोहर तुमची आणि निकाल शेळीचा,” ती म्हणाली. “मग पुढच्या वेळी करार करायला तिलाच पाठवा.”

कोणी हसलं नाही. राजाने पंतांकडे पाहिलं. कायदा बदला असं मला कोणी सांगितलंच नव्हतं, असं पंत पुटपुटले. ते खरंच होतं. सांगायचं राजाने होतं, आणि राजा पेढे वाटत होता.

त्याच घटकेला शेळीचा कायदा रद्द झाला. कण्हेरनगरात ऊन फार, म्हणून औषधाच्या बरण्या ओल्या वाळूत ठेवाव्यात, एवढीच घरची अट राहिली. साळूबाईला घोडा मिळाला. संध्याकाळपर्यंत औषध अकराही घरी पोचलं. चार घरांत ते घ्यायला मूल उरलं नव्हतं.

तात्पर्य: चारचौघांत कबूल केलेला नियम घरच्या कायद्यात उतरवला नाही, तर त्याची किंमत मोहर उठवणारा मोजत नाही, आजारी माणूस मोजतो.